उन्हात वाळवलेला फटाका

आमच्या लहानपणी फटाके आणले की लगेच उडवायचे नसत. आधी वाळवायचे. पावसाळ्याची ओल घराच्या भिंतींतून अजून गेलेली नसे, तेव्हा वसुबारसेच्या आधी चार दिवस गच्चीवर जुनी वर्तमानपत्रे पसरीत आणि त्यांवर लवंगी माळा, भुईनळे, चक्रे नि ॲटमबाँब ओळीने मांडीत. राखणीला आम्हा भावंडांपैकी एकाची नेमणूक होई. ढग आला की "अरे, फटाके आत घ्या!" अशी घरभर एकच ओरड. धाकट्या काकांचा तर नेम असा, की प्रत्येक बाँब दिवसातून दोनदा कूस बदलून ठेवायचा, पापडासारखा. शेजारच्या बिऱ्हाडातील मुलांना एवढा धीर कोठला! त्यांचा बाँब वात जळेपर्यंत मोठ्या ऐटीत असे आणि मग नुसताच 'फुस्स' करी. कारखाना तोच, दारू तीच, वात तीच, पेटवायची उदबत्तीही तीच. फरक काय तो चार दिवसांच्या उन्हाचा.

ही गच्ची मला पुढे दवाखान्यात, एका लहान मुलाच्या छातीला नळी लावलेली असताना आठवली. कशी, ते सांगतो. घरातून दरवर्षीप्रमाणे यंदाही सूचना आली आहे, की दिवाळी अंकात तरी खोकला आणि खरूज नको. पण वाचकहो, ज्या घरात पहाटे तीन वाजता मूल अंथरुणात उठून बसते आणि 'आई, श्वास येत नाही' म्हणते, त्या घराला दिवाळी आणि शिमगा सारखाच. अशी घरे आपल्यापैकी पुष्कळांची आहेत. तेव्हा चकली बाजूला ठेवून दहा मिनिटे ऐका.

२०१८ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. आधी त्या घाटकोपर-विद्याविहारच्या बाजूला तानसा जलवाहिनीलगत राहत. तेथली घरे पाडली गेली आणि बदली घर मिळाले ते माहुलला, पुनर्वसनाच्या इमारतींत. पक्के घर, आत संडास, आत मोरी. कोणाला वाटेल, झाले की भले! पण राहायला गेल्यापासून मुलाचे काही ना काही चालूच. आधी डोळे चोळणे, मग शिंका, मग रात्रीचा कोरडा खोकला, आणि पावसाळा संपता संपता छातीत मांजर गुरगुरावे तशी घरघर. अधूनमधून अंगावर गांधीही उठत. आपण त्याला 'पित्त उठले' म्हणतो आणि आमसुलाचे पाणी लावतो, ते.

मी विचारले, "ताई, याला कशाचे वावडे आहे का?"

त्या म्हणाल्या, "डॉक्टर, जुन्या घरी तर सगळं खायचा. दगडसुद्धा पचवला असता."

रक्ताची तपासणी केली. तीत धुळीतल्या माइटचे वावडे निघाले. हा डोळ्यांना न दिसणारा जीव गादी-उशांत राहतो, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो आणि दमट हवेत चांगला पोसतो; मुंबईतल्या दमेकऱ्यांत त्याचे वावडे नेहमीच सापडते. मी समाधानाने मान हलवली. गादीला ऊन द्या, उशीचे अभ्रे कढत पाण्यात धुवा, पंप सुरू करा, असे सांगितले. आणि एवढ्यावर थांबायचे सोडून आणखी एक उद्योग केला. खबरदारी म्हणून अंडे, मासे, दही आणि केळे बंद केले. त्या पदार्थांची तपासणी केली नव्हती, मुलाने ते खाऊन कधी त्रास झाल्याचा पुरावाही नव्हता. आपल्याकडे दम्याच्या पोराचे केळे आणि दही तोडायचे असा रिवाजच पडून गेला आहे, आणि डॉक्टर झाला तरी तो याच रिवाजात वाढलेला असतो. त्या माउलीने माझा शब्द झेलला. पोराचे कित्येक महिने बिनअंड्याचे गेले. त्याची खंत मला आजही आहे.

मे महिन्यात मुलगा आजोळी गेला, राजापूर तालुक्यात. आजीला माझी यादी मान्य नव्हती. तिने त्याला अंडी दिली, दही दिले, सुके बोंबील भाजून दिले, आणि आपल्या जुन्या गोधडीत घेऊन झोपली. कोकणातले समुद्राजवळचे घर, दमट. ती गोधडी म्हणजे माइटांचे माहेरघरच असणार. पंप मुंबईतच विसरला होता. महिनाभरात एकदाही धाप लागली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पोर माहुलला परतले, आणि आठव्या रात्री तीन वाजता पुन्हा तेच.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या त्या भांडणाच्या तयारीने नव्हे, पण प्रश्न नेमका घेऊन. म्हणाल्या, "डॉक्टर, तो किडा काय गावाला नव्हता?"

खरे सांगतो, उत्तर देण्याआधी मी नळी पुसण्यात जरा वेळ काढला.

या प्रश्नाचे उत्तर ज्या पेशीत दडले आहे तिची ओळख आधी करून घेऊ. १८७८ साली जर्मनीत पॉल एर्लिख नावाच्या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तिचे वर्णन केले. त्या काळी दगडी कोळशाच्या डांबरापासून नवे नवे रंग तयार होत होते. कापडगिरण्या त्यांनी साड्या रंगवीत, हा गडी मांसाच्या पातळ चकत्या रंगवी. काही पेशी त्याला निळ्या रंगात बुडवल्या तरी जांभळ्या-तांबड्या दिसल्या. आत कण नुसते ठासून भरलेले. त्याला वाटले, या पेशी खाऊन खाऊन गलेलठ्ठ झाल्या आहेत. म्हणून जर्मन भाषेतल्या 'मास्ट', म्हणजे चारून पुष्ट करणे, या शब्दावरून त्याने त्यांना मास्ट पेशी म्हटले. निदान चुकले, नाव चिकटले. पुढे एर्लिखला नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते या लठ्ठ पेशींसाठी नव्हे.

ते कण म्हणजे खाल्लेले अन्न नव्हते, साठवलेला दारूगोळा होता. १९५३ साली रायली आणि वेस्ट या दोघांनी दाखवून दिले, की शरीरातल्या हिस्टामिनाचा मोठा साठा याच पेशींत असतो. हिस्टामिन सुटले की बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, कातडीला खाज सुटते, नाक वाहते, श्वासनलिकांचे स्नायू आवळतात. कातडीखालच्या मास्ट पेशी फुटल्या तर गांधी, नाकातल्या फुटल्या तर शिंका, श्वासनलिकेतल्या फुटल्या तर धाप. म्हणजे आपण ज्याला पित्त म्हणतो त्याचा पित्ताशयाशी काडीचा संबंध नाही. आमसुलाच्या पाण्याने गार वाटते, तेवढे वाटू द्या.

या पेशींची वस्ती पाहा. कातडी, नाक, घसा, फुप्फुसे, आतडी. जेथे बाहेरचे जग शरीराला भिडते, बरोबर तेथे, रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या शेजारी. वेशीवरचे रामोशीच म्हणा. त्या काही आपल्या छळासाठी निर्माण झालेल्या नाहीत. पोटातल्या जंतांशी लढण्यात त्यांचा वाटा आहे. २००६ साली उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले, की मधमाशीचे नि काही सापांचे विषसुद्धा मास्ट पेशींतली पाचक द्रव्ये निकामी करतात. रामोशी कामाचा आहे. तो रात्रीबेरात्री आपल्याच माणसांवर बंदूक झाडतो तेव्हाच काय ती पंचाईत.

आता वात. माइटसारख्या परक्या वस्तूविरुद्ध शरीर आयजीई नावाचे प्रतिद्रव्य तयार करते. १९६६ साली ते ओळखले किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, अमेरिकेत काम करीत असताना. पाठीच्या कातडीत टोचून घ्यायला माणूस हवे, तर नवराबायको एकमेकांच्याच पाठीवर प्रयोग करीत. संसारात एकमेकांना टोचणारी जोडपी पुष्कळ असतात, त्यातून एवढे ज्ञान मात्र क्वचितच निघते! तर हे आयजीई जाऊन मास्ट पेशीच्या अंगावर रोवून बसते. पुढे माइटचा कण आला आणि दोन शेजारच्या आयजीईंना एकदम चिकटला की ठिणगी पडली. काही क्षणांत कण बाहेर. एवढे मात्र खऱ्या फटाक्याहून वेगळे, की ही पेशी फुटल्यावर मरत नाही. रिकामी होते, काही दिवसांत पुन्हा भरते आणि पुढच्या ठिणगीची वाट पाहत बसते.

फटाका झाला, वात झाली, ठिणगी झाली. आमच्या शिक्षणाच्या काळात गोष्ट साधारण येथेच संपत असे, आणि मी त्या बाईंना दिलेला सल्लाही येथवरच्याच शहाणपणावर दिलेला होता: ठिणगी टाळा. पण मग गावच्या गोधडीत फटाका का फुटला नाही? तेथे तर ठिणग्यांची रास होती.

कारण उन्हाचा हिशेब मी धरलाच नव्हता.

शरीरातल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या प्रथिनांच्या चिठ्ठ्या पाठवून. या चिठ्ठ्यांना सायटोकाईन म्हणतात. त्यांतल्या एका मोठ्या घराण्याला १९७९ साली इंटरल्यूकिन असे नाव पडले. पांढऱ्या पेशींच्या आपापसातल्या गोष्टी, असा त्याचा अर्थ. नावे देताना शास्त्रज्ञांची कल्पनाशक्ती बहुधा दमली असावी, कारण पुढे त्यांना नुसते आकडे दिले, चाळीतल्या खोल्यांसारखे: इंटरल्यूकिन चार, नऊ, दहा, तेरा, तेहतीस. आकड्यांना घाबरू नका. आपल्याला तीन-चारच खोल्यांत डोकवायचे आहे.

मास्ट पेशी किती जगावी, किती वाढावी, अंगावर किती वाती लावून घ्याव्यात आणि ठिणगी पडल्यावर केवढा आवाज करावा, हे सारे या चिठ्ठ्या ठरवतात. पेशी जिवंत राहते तीच मुळी शेजारपाजारच्या ऊतींतून येणाऱ्या एका प्रथिनाच्या रतिबावर. रतीब तुटला तर ती सुकून मरते. इंटरल्यूकिन चार ही चिठ्ठी मुख्यतः टी पेशींकडून येते. तिच्यामुळे शरीर आयजीई जास्त बनवते आणि मास्ट पेशीच्या अंगावर वाती रोवायच्या जागाही वाढतात. नऊ आणि तेरा नंबरचे बिऱ्हाडही याच मेळातले. उलट बाजूचीही मंडळी आहेत. इंटरल्यूकिन दहा आणि त्याचे काही साथीदार 'जरा दमाने घ्या' असा निरोप आणतात, फटाक्याला ओल लावतात. मात्र दहा नंबर सर्वच ठिकाणी इतका सोज्ज्वळ वागत नाही. काही प्रयोगांत त्याने उलट चिथावणीही दिलेली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसारखेच ते. कोणाच्या घरात, कोणत्या वेळी बोलतात त्यावर परिणाम अवलंबून.

आणि आता तेहतीस नंबरची खोली. या प्रथिनाची खरी ओळख २००५ साली पटली. ते पांढऱ्या पेशींत नव्हे, तर श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींच्या अगदी गाभाऱ्यात, केंद्रकात, मुकाट पडून असते. अस्तर धड असेल तोवर त्याचा बाहेर फारसा संबंध नाही. पण धुराने, वाफेने, विषाणूने अस्तर होरपळले, पेशी फाटली, की हे बाहेर सांडते. भिंत पडल्यावर आतली घंटा रस्त्यावर यावी आणि वाजू लागावी, तसे. मास्ट पेशीला ही घंटा ऐकण्यासाठी खास कान आहे. ती ऐकली की पेशी सहसा लगेच फुटत नाही, पण खडबडून जागी होते. स्वतःच आणखी चिठ्ठ्या लिहून दाह वाढवणाऱ्या पेशींना बोलावू लागते. आणि या अवस्थेत माइटचा कण आला तर एरवीच्या कितीतरी पट जोराने फुटते. वर आणखी एक दुष्टचक्र: फुटताना तिच्यातून जी पाचक द्रव्ये निघतात, ती या तेहतीस नंबरच्या प्रथिनाचे तुकडे करून त्याला अधिकच तिखट बनवतात. म्हणजे बाँबने फुटता फुटता उरलेल्या बाँबांना ऊन द्यावे, असा प्रकार! टीएसएलपी नावाचे एक भावंडही याच अस्तरातून निघते आणि तेच काम करते.

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याही ध्यानात आले असेल. किडा दोन्हीकडे होता. आजोळी मुलाचे अस्तर शांत होते, घंटा वाजत नव्हती, फटाका दमट होता. माहुलला तोच फटाका रोज उन्हात पडत होता.

हे ऊन कसले? माहुल हे खाडीकाठचे जुने गाव. कोळी-आगऱ्यांची वस्ती, समोर चिखलाचे पाट, हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. १९५४-५५ साली तुर्भे-माहुल पट्ट्यात दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, १९५६ साली वीजकेंद्र, १९६५ साली खतकारखाना. त्या वेळी वर्तमानपत्रांतून आलेली ती छायाचित्रे, ती चंदेरी नळकांडी, आम्ही वहीत चिकटवली होती. नव्या देशाचा अभिमान होता तो, आणि खोटा नव्हता. आपल्या चुलीवरचा गॅस आणि गाडीतले पेट्रोल कोठून तरी यायचेच. पुढे रसायने साठवण्याच्या टाक्याही आल्या. आणि मग या साऱ्याच्या कुशीत हजारो घरे बांधून शहरातल्या उठवलेल्या माणसांना आणून ठेवण्यात आले. यातले शेवटचे पाऊल कोणत्या शहाणपणाने टाकले गेले, हे मला अजून उलगडलेले नाही.

परळच्या के.ई.एम. रुग्णालयाने २०१३ साली माहुलमध्ये श्वसनाच्या आजारांची पाहणी केली. पाहिलेल्या लोकांपैकी ६७.१ टक्क्यांना महिन्यात तीनहून अधिक वेळा धाप लागत होती, ८६.६ टक्क्यांचे डोळे चुरचुरत होते. हवेतल्या द्रव्यांच्या नोंदीत टोल्युइन डायआयसोसायनेटचे नाव आले. हे आयसोसायनेट घराणे वाचकांना अपरिचित नाही. १९८४ साली भोपाळला ज्याने हाहाकार केला ते मिथिल आयसोसायनेट याच कुळातले. माहुलचे द्रव्य त्या तोलाचे नव्हे, आणि भोपाळसारखे काही तेथे घडले असे मी मुळीच म्हणत नाही. पण फोमच्या नि रंगफवारणीच्या कारखान्यांतल्या कामगारांना या द्रव्याने दमा जडतो हे फार दिवसांपासून माहीत आहे. आणि गंमत अशी, की त्यांतल्या पुष्कळांच्या रक्तात त्याविरुद्धचे आयजीई सापडतच नाही. वात नाही, तरी घरात धूर! कारण अस्तरच जळते. माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि १८ डिसेंबर २०१५ च्या निकालात लवादाने तेथल्या हवेपासून लोकांच्या प्रकृतीला धोका असल्याचे मान्य केले. कोणाच्या नळीतून किती निघते, तो न्यायालयाचा प्रांत. माझा प्रांत त्या मुलाच्या नरड्यापासून खाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. एक मूल गावाला जाऊन बरे वाटले, याने शास्त्र सिद्ध होत नाही. सुट्टीत अभ्यास नसतो, सर्दीवाले वर्गमित्र नसतात, आजी असते. त्याच्या नाकातून तेहतीस नंबर मोजायची सोय माझ्या दवाखान्यात नाही, आणि मोठ्या रुग्णालयांतही ती रोजच्या तपासणीत नसते. पण डिझेलच्या धुराने वावड्याची प्रतिक्रिया वाढते हे माणसांवरच्या प्रयोगांत दिसलेले आहे. तेव्हा त्या दिवशी नळी पुसून झाल्यावर मी बाईंना एवढेच म्हणालो, "किडा होता हो गावाला. पण येथे किडा आणि हवा दोघे मिळून मारतात." मग फटाक्यांची गोष्ट सांगितली. मुलाला ती एकदम पटली.

औषधांचे काय, असे तुम्ही विचाराल. खाज आणि शिंकांसाठी आपण ज्या बिनझोपेच्या गोळ्या घेतो त्या हिस्टामिनाचा रस्ता अडवतात, एवढेच. फटाका फुटल्यावर कानात बोळे घालण्यासारखे. गांधी उठल्या तर छान काम करतात, दम्यात त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण मास्ट पेशी हिस्टामिनावर थांबत नाही. काही मिनिटांत दुसरी द्रव्ये, काही तासांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाहेर टाकते. संध्याकाळी धूळ आणि पहाटे धाप, असे होते ते यामुळे. निळा पंप आवळलेली नळी सैल करतो, जीव वाचवतो, पण उन्हाला हात लावत नाही. ऊन कमी करतो तो रोज ओढायचा स्टेरॉइडचा पंप. तो अस्तरातल्या नि टी पेशींच्या चिठ्ठ्या लिहिण्यावरच आळा घालतो, आणि काही आठवड्यांत श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींची गर्दीही कमी होते. म्हणूनच तो बरे वाटले तरी चालू ठेवायचा असतो. 'पंपाची सवय लागते' म्हणून तो माळ्यावर टाकणाऱ्या आयांना, आणि विशेषतः आजोबांना, माझी हात जोडून विनंती आहे. चष्म्याचीही सवयच लागते.

अलीकडे चिठ्ठ्या वाटेतच पकडणारी इंजेक्शनेही निघाली आहेत. २००३ साली अमेरिकेत आयजीईला पकडणारे इंजेक्शन मंजूर झाले. पुढे चार आणि तेरा नंबरच्या चिठ्ठ्यांचा कान बंद करणारे आले. २०२१ च्या डिसेंबरात टीएसएलपीला अडवणारे. कठीण दम्याच्या रोग्यांना त्यांनी खरोखर नवा जन्म दिला आहे. पण किंमत ऐकली तर ज्याला दमा नाही त्यालाही धाप लागेल. माहुलच्या त्या खोलीत त्यांचे नाव काढणेही मला बरे दिसले नसते.

मी मुलाची अंडी सुरू केली, पंपाची मात्रा नीट बसवली, ओढण्याची पद्धत समोर करून घेतली. सुधारणा झाली, रात्रीचे उठणे आठवड्यातून चार वेळांवरून एकावर आले. तेथून खाली काही येईना.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की माहुलच्या त्या घरांतल्या लोकांना दुसरीकडे राहता यावे म्हणून सरकारने महिना १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी. दोन-तीन आठवड्यांनी बाई आल्या. या वेळी नवराही बरोबर होता. तो चेंबूरच्याच एका दुकानात कामाला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पैसे कधी हातात येतील देव जाणे. कर्ज काढून आताच वांगणीला खोली घेतली, तर पोरगा बरा होईल, असं लिहून द्याल का?"

लिहून! अहो, असे लिहून देता आले असते तर मी डॉक्टर कशाला, विधाताच झालो असतो. वाती एकदा लागल्या की सहजी निघत नाहीत; आयजीई बनवण्याची शरीराची आठवण वर्षानुवर्षे टिकते. वांगणीलाही धूळ आहे, थंडी आहे. आणि बापाचा रोजचा साडेतीन-चार तासांचा लोकलचा प्रवास, आईची इकडची घरकामे सुटणार, कर्जाचे व्याज. हे सारे एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात मी काय टाकणार, तर 'फटाका दमट होण्याचा संभव आहे'! पण विचारले होते मला. मी म्हणालो, "दमा जाईल असं नाही सांगत. पण माझा नातू असता, तर मी नेला असता."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. पुढे काही बोलणे झाले नाही.

निघताना मुलाने विचारले, दिवाळीत काय उडवू. मी म्हटले, आवाजाचे नको, लांबून भुईनळा बघ. तेव्हा तो व्यवहारी आवाजात म्हणाला, "मग नागगोळी? तिचा तर आवाजच नसतो." येथे मात्र मी ठाम होतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली निरनिराळ्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सूक्ष्म कणांत सगळ्यांत वरचा नंबर या बिनआवाजी नागाचाच आला. फुलबाजेही धुरातून सुटलेले नव्हते. आपण ज्याला लहान मुलांचे, निरुपद्रवी म्हणून पोराच्या हातात देतो, नेमके तेच त्याच्या नाकाखाली धरलेले असते.

ती माणसे नोव्हेंबरात वांगणीला गेली. मुलगा त्यानंतर दोनदा मला दाखवायला आला. लोकलने, बापाच्या सुट्टीच्या दिवशी. दमा आहे. पंपही आहे, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या खेपेला मी विचारले, "रात्री उठतोस का?" तर म्हणाला, "एकदा उठलो होतो. पण ते मांजर आलं होतं म्हणून."

"छातीत?"

"नाही हो डॉक्टर, खरं मांजर. खिडकीतून."